इंग्लंडमधली सरकारी नर्सरी आणि इन्फंट स्कूल: अर्ज, अंतर, तास आणि जूनमध्ये जन्मलेली मुलं

टेकडी

दरवर्षी गणपती उरकले की "शाळा कशी निवडायची" हा प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात. म्हणून हा एकच धागा. फक्त इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, तिथल्यांनी हे वाचून फॉर्म भरू नयेत.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. सरकारी शाळा आपण निवडत नाही, आपण पसंतीक्रम देतो. जागा ठरते ती शाळेच्या छापील नियमांवरून. मुलाची मुलाखत, आईवडलांचं शिक्षण, देणगी, ओळख, काहीही चालत नाही. भारतातून नवीन आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

इन्फंट स्कूल म्हणजे रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष), इयर १ आणि इयर २, साधारण ४ ते ७ वर्षं. त्यानंतर इयर ३ ते ६ साठी ज्युनिअर स्कूल. दोन्ही एकाच छपराखाली असलं की ती प्रायमरी. काही इन्फंट शाळांना ३ वर्षांपासूनचा नर्सरी वर्ग जोडलेला असतो. शिवाय काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) स्वतंत्र नर्सरी शाळाही आहेत, थोड्याच, पण बहुतेक चांगल्या.

वयाचा हिशेब १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा. १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ मध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२७ ला रिसेप्शनमध्ये जातं. त्याचा अर्ज १५ जानेवारी २०२७ पर्यंत, निकाल १६ एप्रिल २०२७ ला. या दोन तारखा देशभर एकच आहेत आणि दरवर्षी त्याच असतात (१६ एप्रिल सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस).

अर्ज तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे करायचा, शाळा दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरी. लंडनच्या बरोंमध्ये ६ शाळा लिहिता येतात. बाहेर काउन्सिलप्रमाणे आकडा बदलतो, पण ३ पेक्षा कमी कुठेच नाही.

रातराणी

धन्यवाद, अगदी वेळेवर धागा आला. मुलीचा जन्म जून २०२३ चा. आम्ही दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर, भाड्याच्या घरात. ०.४ मैलांवर एक इन्फंट स्कूल आहे, तिला नर्सरी वर्ग जोडलेला. ०.९ मैलांवर प्रायमरी आहे, तिचं नाव जास्त चांगलं. नर्सरी इन्फंटमध्ये घेतली तर रिसेप्शनची जागा पक्की होते का? आणि व्हिसावर असताना नर्सरीचे मोफत तास मिळतात का?

सोनटक्का

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नर्सरीत नाव असणं म्हणजे रिसेप्शनमध्ये जागा नव्हे. रिसेप्शनचा अर्ज १५ जानेवारीच्या आत वेगळा करावाच लागतो. नर्सरीत वर्षभर बसलेली आणि मग रिसेप्शनला बाहेर राहिलेली मुलं दरवर्षी असतात. नर्सरीत असल्याबद्दल प्राधान्य देणाऱ्या शाळा आहेत, पण मोजक्या. तसं असेल तर शाळेच्या प्रवेश धोरणात स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे नसेल, तर ऑफिसातली बाई तोंडी काहीही म्हणाली तरी ते नाही.

नर्सरी वर्गाचा अर्ज या राष्ट्रीय वेळापत्रकात येत नाही. कुठे थेट शाळेकडे, कुठे काउन्सिलकडे. तारखाही शाळेशाळेत वेगळ्या. जागा नाकारली तर रिसेप्शनसारखा अपिलाचा कायदेशीर हक्क नर्सरीला नाही. तुमच्या मुलीसाठी नर्सरीचं वर्ष सप्टेंबर २०२६ पासूनचं, त्यामुळे शाळेला आधी फोन त्याचा करा.

मोफत तासांचं असं. ३ आणि ४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षाला ३८ आठवडे, म्हणजे ५७० तास. हे सगळ्यांना, आईवडलांचा व्हिसा कोणताही असो. "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्त्यांवर हक्क नाही) या व्हिसाच्या अटीत हे १५ तास येत नाहीत, सरकारी शाळाही येत नाही. बिनधास्त घ्या.

तिसरा वाढदिवस झाल्यावर पुढच्या सत्रापासून हे सुरू होतं: १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबर. जूनचं मूल १ सप्टेंबरपासून.

३० तासांची गोष्ट वेगळी. ती नोकरी करणाऱ्या पालकांसाठी, सप्टेंबर २०२५ पासून ९ महिन्यांच्या बाळापासून. दोघांचीही कमाई किमान वेतनाने आठवड्याला १६ तासांइतकी तरी हवी आणि कुणाचंही समायोजित उत्पन्न वर्षाला १ लाख पौंडांच्या वर नको. पण आईवडील दोघेही पब्लिक फंड्स नसलेल्या व्हिसावर असतील तर हे मिळत नाही. तुम्ही दोघंही त्यात, म्हणजे तुमच्यासाठी १५ तासच. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरलाही (तुम्ही भरलेल्या ८ पौंडांमागे सरकारचे २, मुलामागे वर्षाला २००० पर्यंत) तीच अट आहे.

घाटमाथा

३० तासवाल्यांसाठी थोडी भर. पात्र ठरलात की ११ आकडी कोड येतो आणि दर ३ महिन्यांनी त्याची खातरजमा ऑनलाइन करावी लागते. ती चुकली की सत्राच्या मध्यात कोड बंद पडतो. सत्र सुरू होण्याआधी कोड हातात हवा, म्हणजे सप्टेंबरसाठी ३१ ऑगस्टच्या आत. १ सप्टेंबरला काढलेला कोड जानेवारीलाच चालतो. लोक इथेच अडकतात आणि चार महिन्यांची पूर्ण फी भरतात.

शाळेच्या नर्सरीत ३० तास बसवायची पद्धत बहुधा अशी: ८:४५ ते ३:१५, पाच दिवस, म्हणजे साडेबत्तीस तास. त्यातला रोजचा जेवणाचा अर्धा तास पैसे घेऊन. नुसते १५ तास असतील तर सकाळचं किंवा दुपारचं ३ तासांचं सत्र, पाचही दिवस. दुपारचं सत्र लवकर भरत नाही, कारण या वयाची बरीच मुलं दुपारी पेंगतात.

नोकरी करणाऱ्या दोघांना तीन तासांचं सत्र म्हणजे तशी डोकेदुखीच. मूल सोडून घरी येऊन चहा होईस्तोवर आणायची वेळ. खाजगी डे नर्सरी हेच तास वर्षभर पसरून देतात: ११४० तास ५१ आठवड्यांवर वाटले की आठवड्याला साधारण २२ तास. वर पैसे लागतात, पण दिवस ८ ते ६ असतो आणि शाळेची १३ आठवड्यांची सुट्टी सांभाळावी लागत नाही. तिथे बिल नीट वाचा. मोफत तासांवर जेवण, नॅपी, सनक्रीम यांचे पैसे लावता येतात, पण ते ऐच्छिक असायला हवेत. ते भरले नाहीत तर जागा नाही, असं म्हणता येत नाही.

पिंपळपान

अंतराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, आणि रातराणी यांच्या प्रश्नाचा जीव तिथेच आहे.

आधी शाळेचं प्रवेश धोरण डाउनलोड करा. त्यात प्राधान्याचा क्रम असतो. ज्या मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठीचा कायदेशीर आराखडा) त्या शाळेचं नाव आहे त्याला आधी जागा द्यावीच लागते. मग काउन्सिलच्या देखरेखीखालची किंवा पूर्वी तशी असलेली मुलं. मग बहुतेक ठिकाणी भावंडं, मग शाळेची ठरलेली हद्द असेल तर हद्दीतली मुलं, आणि शेवटी अंतर. चर्चच्या शाळांत यात धर्माचे निकष शिरतात आणि त्यांचा वेगळा पुरवणी फॉर्म थेट शाळेला द्यावा लागतो. तो दिला नाही तर तुम्ही सगळ्यात खालच्या गटात जाता.

किती मुलं घेणार हा आकडा आधीच जाहीर असतो, बहुधा ३०, ६० किंवा ९०. कारण रिसेप्शन ते इयर २ मध्ये एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं ठेवायला कायद्याने मनाई आहे.

आता काउन्सिलच्या संकेतस्थळावर "शेवटच्या मुलाचं अंतर" शोधा. मागच्या वर्षी जागा मिळालेलं सगळ्यात लांबचं मूल किती मैलांवर राहत होतं, ते. एका वर्षाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका, तीन-चार वर्षांचे पाहा. ६० जागांच्या शाळेत एका वर्षी २२ भावंडं आली आणि दुसऱ्या वर्षी ३५, तर उरलेल्या जागा ३८ च्या २५ होतात आणि अंतर एकदम आक्रसतं. सगळ्यांना जागा मिळाली असेल तर तिथे आकडाच नसतो, आणि ती तुमच्यासाठी चांगली बातमी.

अंतर कसं मोजतात तेही धोरणातच असतं. कुठे सरळ रेषेत, कुठे चालायच्या सुरक्षित रस्त्याने. कुठे शाळेच्या फाटकापर्यंत, कुठे इमारतीतल्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत. मोबाइलवरच्या नकाशाचं अंतर काउन्सिलच्या आकड्याशी जुळत नाही. काठावर असाल तर काउन्सिललाच विचारा.

रातराणी, तुमची प्रायमरी ०.९ मैलांवर आहे. मागच्या तीन वर्षांत तिथली शेवटची अंतरं ०.५, ०.६ अशी असतील तर ती मिळण्याची शक्यता फार नाही. तरी हवी असेल तर पहिली लिहा. इन्फंट दुसरी. त्याने काहीही बिघडत नाही.

रातराणी

पहिली प्रायमरी लिहिली तर इन्फंटवाले म्हणणार नाहीत का की आम्हाला दुसरा नंबर दिला?

पिंपळपान

नाही म्हणणार, कारण तुमचा क्रम पाहून निर्णय घ्यायला नियमानेच बंदी आहे. प्रत्येक शाळेच्या यादीत तुमचं मूल त्या शाळेच्या निकषांप्रमाणे बसतं. मग काउन्सिल पाहते की कुठल्या कुठल्या शाळांत जागा मिळू शकते, आणि त्यातली तुमच्या क्रमात सगळ्यात वरची देते. बाकीच्या आपोआप सुटतात.

म्हणून क्रम खऱ्या आवडीचा द्या. डावपेच लढवायची ही जागा नाही.

एकच शाळा लिहिली की ती द्यावीच लागते, हा गैरसमज इतका पसरलेला आहे की सांगून थकलो. एकच लिहिली आणि नाही मिळाली, तर बाकीच्या सगळ्यांना वाटून झाल्यावर जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतात. ती शाळा घरापासून दोन बस लांब असू शकते. यादीत खात्रीने मिळेल अशी एक तरी शाळा हवीच, शेवटच्या क्रमांकावर का होईना.

कढीलिंब

वाचनखूण साठवली. इन्फंट घेण्याआधी ज्युनिअरचा विचार करा, एवढंच म्हणायला आले होते, पण सविस्तरच लिहिते.

इन्फंटमधून ज्युनिअरला मूल आपोआप जात नाही. इयर २ मध्ये असताना पुन्हा १५ जानेवारीच्या आत अर्ज, पुन्हा १६ एप्रिलला निकाल. शेजारीशेजारी इमारती, एकच मैदान, एकाच रंगाचा गणवेश असला तरीही. हा फॉर्म विसरणारे पालक दरवर्षी निघतात, कारण शाळा तीच आहे असं वाटत राहतं.

चार गोष्टी तपासायच्या. ज्युनिअरच्या धोरणात या इन्फंटच्या मुलांना प्राधान्य आहे का? दोन्हींचे आकडे जुळतात का? इन्फंटमध्ये ९० आणि ज्युनिअरमध्ये ६० असेल तर दर इयत्तेला ३० मुलं बाहेर पडणार. (उलटंही असतं: ३० ची कायदेशीर मर्यादा इयर २ पर्यंतच, त्यामुळे ज्युनिअरचे वर्ग ३२-३३ चे दिसले तर दचकू नका.) एकीतलं भावंड दुसरीसाठी भावंड म्हणून धरतात का? हे काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि दोन मुलं असलेल्यांचं सगळं गणित यावर फिरतं. चौथं, दोन्ही एकाच व्यवस्थापनाखाली आहेत का? एक काउन्सिलची आणि दुसरी अकॅडमी ट्रस्टची (सरकारी पैशावर, पण काउन्सिलपासून स्वतंत्रपणे शाळा चालवणारी संस्था) असेल तर नियम बदलण्याचा अधिकार वेगवेगळ्या लोकांच्या हातात जातो.

दोन मुलं, दोन शाळा, दोन्हींची घंटा ८:४५ ला. फाटकं दहा मिनिटांच्या अंतरावर असतील तर रोज धावपळ. समजूतदार शाळा वेळा १०-१५ मिनिटं मागेपुढे ठेवतात. भेटीला जाल तेव्हा विचारा.

आणखी एक. जन्मदर घटल्यामुळे, विशेषतः लंडनमध्ये, वर्ग रिकामे राहायला लागलेत. शाळा मुलं घेण्याचा आकडा ६० वरून ३० वर आणतात, किंवा शेजारची इन्फंट आणि ज्युनिअर एकत्र करून प्रायमरी करतात. एकत्र झाल्या तर मधला अर्ज वाचतो. असा प्रस्ताव असेल तर काउन्सिलच्या संकेतस्थळावर सल्लामसलतीची नोटीस असते. शाळेचा पैसा मुलांच्या संख्येवर येतो, त्यामुळे ६० च्या वर्गात ४१ मुलं असणं ऐकायला छान वाटलं तरी दोन वर्षांनी त्याच शाळेत सहायक शिक्षिका कमी झालेल्या दिसतात.

अबोली_

निकालांवरून कशी तुलना करायची? इन्फंट शाळेचे आकडे कुठेच दिसत नाहीत.

कढीलिंब

दिसणार नाहीतच. सरकारी तक्त्यांत इयर ६ च्या परीक्षांचे निकाल असतात आणि इन्फंट इयर २ लाच संपते. इयर २ च्या परीक्षा २०२३-२४ पासून सक्तीच्या राहिल्या नाहीत. इयर १ मध्ये जूनला ४० शब्दांची फॉनिक्स (अक्षरांच्या उच्चारांवरून वाचण्याची) चाचणी होते, त्यातले २० खरे आणि २० बनावट शब्द, पण शाळावार निकाल छापत नाहीत. मुख्याध्यापिकेला विचारलं तर बहुतेक सांगतात. रिसेप्शनअखेरीस "गुड लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट" (वयाला अपेक्षित प्रगती) गाठलेल्यांचं प्रमाणही विचारता येतं. फक्त तो आकडा शाळेइतकाच वस्तीबद्दल बोलतो हे लक्षात ठेवा. पाहायचे असतील तर पुढच्या ज्युनिअरचे निकाल पाहा.

ऑफस्टेडचे (शाळा तपासणारी सरकारी संस्था) जुने शेरे जपून वाचा. सरकारी शाळांना एका शब्दाचा एकंदर शेरा देणं सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं आणि नोव्हेंबर २०२५ पासून नवीन रिपोर्ट कार्ड आलं: प्रत्येक बाबीला पाच पायऱ्यांपैकी एक, आणि मुलांची सुरक्षितता वेगळी, पुरी किंवा अपुरी. फाटकावरच्या फलकावर "आउटस्टँडिंग" असेल तर खालची तारीख बघा. २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काहींचा तो शेरा तपासणी न होता वर्षानुवर्षं मिरवत राहिला. तेव्हाच्या मुख्याध्यापिका कधीच निवृत्त झालेल्या असतात.

सोनटक्का

भेटीत काय बघायचं ते लिहितो. भेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. शनिवारच्या चकाचक ओपन डेपेक्षा कामाच्या दिवशी सकाळी वर्ग चालू असताना जा.

नर्सरीत आणि रिसेप्शनमध्ये बाहेरचं अंगण वर्गाला लागून आहे का आणि त्याचं दार उघडं आहे का? मुलं आपल्या मनाने आतबाहेर करतात की घंटा झाल्यावर रांगेत नेतात? पाऊस असला तर आणखी बरं: रेनकोट आणि वेलिंग्टन बूट अडकवलेले आहेत की अंगण कुलूपबंद आहे, ते लगेच कळतं.

भिंतीवरची चित्रं. ३० एकसारखे, सुबक कापलेले हिममानव लटकत असतील तर ते मोठ्यांनी केलेत. तीन डोळ्यांचा, वाकडा, अर्धवट रंगवलेला असेल तर मुलांनी.

कान देऊन ऐका. मोठी माणसं मुलांशी बसून, त्यांच्या उंचीला येऊन बोलतात का? "हे कोणत्या रंगाचं?" असे उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारतात की मूल काय करतंय त्यावर बोलतात? इंग्रजी घरी न बोलणाऱ्या मुलांसाठी या बोलण्याला फार किंमत आहे.

मोठ्यांची संख्या मोजा. शाळेच्या नर्सरी वर्गात पात्र शिक्षिका असेल तर १३ मुलांमागे एक प्रौढ, म्हणजे २६ मुलांच्या वर्गात शिक्षिका आणि लेव्हल ३ ची पात्रता असलेली एक सहकारी. शिक्षिकेविना चालणाऱ्या ठिकाणी ८ मुलांमागे एक. रिसेप्शनमध्ये मात्र ३० मुलांमागे एक शिक्षक एवढंच कायदा सांगतो. सहायक ठेवणं सक्तीचं नाही. म्हणून नेमकं विचारा: "रिसेप्शनमध्ये सहायक पूर्ण दिवस असते की फक्त सकाळी?" उत्तर आढेवेढे घेत आलं तर दुपारी नसते.

वाचनाला घरी येणारं पुस्तक वर्गात चाललेल्या फॉनिक्सच्या पायरीचं असतं का, तेही विचारा. लिटल वॉन्डल असो वा रीड राइट इंक, योजना कुठली यापेक्षा सगळे शिक्षक तीच पाळतात का हे महत्त्वाचं. एका वर्गात एक आणि पुढच्यात दुसरी असेल तर मुलं गोंधळतात.

स्वच्छतागृह वर्गातून दिसतं का? जेवणघरात चार वर्षांच्या मुलाचं ताट कोण उचलतं? मूल अजून नॅपीत असेल तर केवळ त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही, पण कपडे कोण बदलतं आणि कुठे, हे आधी ठरवून घ्या.

आणि शाळा सुटल्यावरचा क्लब. "आमच्याकडे क्लब आहे" हे उत्तर अपुरं. जागा किती, प्रतीक्षायादी किती, रिसेप्शनच्या मुलांना पहिल्या दिवसापासून घेतात का, नर्सरीच्या मुलांना घेतात का? ३:१५ ला सुटणाऱ्या शाळेच्या क्लबात १६ जागा असतील तर नोकरी करणाऱ्यांसाठी ती शाळा जवळ असून उपयोगाची नाही.

अबोली_

जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी.

घाटमाथा

रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ ला शाळेचं जेवण सगळ्यांना फुकट, २०१४ पासून, संपूर्ण इंग्लंडमध्ये. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्रायमरीच्या सगळ्या इयत्तांना. नर्सरी वर्ग यात येत नाही. शाकाहारी पदार्थ बहुतेक शाळा रोज ठेवतात, पण तो आठवड्यात तीनदा चीज पास्ता आणि जॅकेट पोटॅटो असू शकतो. तीन आठवड्यांचा मेनू संकेतस्थळावर असतो. जिलेटिन चालत नसेल तर फॉर्मवर तसं लिहा, नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून पुडिंगचा प्रश्न नेहमीच सुटत नाही. डबाही देता येतो. फक्त शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की नको, बऱ्याच शाळांत शेंगदाणे पूर्ण बंद आहेत.

अवांतर: हॅरोची कृष्ण-अवंती प्रायमरी ही सरकारी खर्चाने चालणारी देशातली पहिली हिंदू शाळा, २००८ ची. तिथे जेवण शाकाहारीच. त्या बाजूला राहणाऱ्यांनी धार्मिक निकष आणि पुरवणी फॉर्म नीट वाचावेत.

टेकडी

जून-जुलै-ऑगस्टच्या मुलांबद्दल लिहायचं राहिलं.

१ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं इथे समरबॉर्न. रातराणी यांची मुलगी सप्टेंबर २०२७ ला रिसेप्शनमध्ये जाईल तेव्हा ४ वर्षं ३ महिन्यांची, आणि शेजारी बसलेलं सप्टेंबरचं मूल जवळजवळ ५ चं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ पूर्ण लागतात. तिथे ती जून २०२९ ला पहिलीत गेली असती. इथे इयर १ सप्टेंबर २०२८ लाच. आजी-आजोबांना फोनवर हे समजावताना कागद-पेन्सिल घ्या.

कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून. जूनच्या मुलीसाठी सप्टेंबर २०२८. तोपर्यंत तीन मार्ग आहेत. एक, सप्टेंबर २०२७ पासून पूर्ण वेळ, हा तुमचा हक्क. दोन, जागा घेऊन अर्धा वेळ पाठवणं किंवा त्याच वर्षात उशिरा, पण फार तर एप्रिलच्या सत्राच्या सुरुवातीपर्यंत, सुरू करणं. शाळेला हे नाकारता येत नाही. तीन, सप्टेंबर २०२८ ला इयर १ ऐवजी रिसेप्शनमध्येच घ्या अशी विनंती. हा हक्क नाही, विनंतीच आहे. ज्यांच्या हातात त्या शाळेचा प्रवेश आहे ते (काउन्सिल, ट्रस्ट किंवा शाळेचं गव्हर्नर मंडळ) मुलाचं हित पाहून ठरवतात.

तिसऱ्या मार्गात लोक एक पायरी चुकतात. विनंती करायची तरी १५ जानेवारी २०२७ च्या आत नेहमीचा अर्जही करून ठेवायचा. विनंती मान्य झाली तर तो मागे घेऊन पुढच्या वर्षी नव्याने अर्ज. नामंजूर झाली तर हातात जागा तरी राहते. आणि मान्य झाली म्हणजे त्या शाळेत जागा मिळाली असं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांबरोबर अंतराच्याच रांगेत उभं राहायचं. यादीतल्या प्रत्येक शाळेचा होकार वेगळा लागतो, आणि इन्फंट असेल तर तीन वर्षांनी ज्युनिअरलाही पुन्हा विचारावं लागतं. हे बहुतेकांना तेव्हाच कळतं.

अबोली_

भारतात जायचं असेल तर? दिवाळीत तिकिटं काढली तर दंड होतो म्हणे.

घाटमाथा

दंड सक्तीच्या वयानंतरच. जून २०२३ च्या मुलीला संपूर्ण रिसेप्शन वर्षात दंड लागत नाही, पण ऑक्टोबर २०२२ च्या मुलाला जानेवारी २०२८ पासून लागू शकतो. १० आठवड्यांत ५ दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. दर ऑगस्ट २०२४ पासून असे: मुलामागे प्रत्येक पालकाला १६० पौंड, २१ दिवसांत भरले तर ८०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर सरळ १६०. दोन मुलं आणि दोन पालक असतील तर चौपट करा. दिवाळीच्या एका दिवसाची धार्मिक रजा मंजूर होते. तिला जोडून मावसभावाच्या लग्नाचा आठवडा मंजूर होत नाही.

मोगरा_वेल

आम्ही फेब्रुवारीत पुण्याहून येतोय, मुलगा ऑक्टोबर २०२२ चा. १५ जानेवारीला इथे पत्ताच नसेल, मग काय?

पिंपळपान

तुमचा मुलगाही सप्टेंबर २०२७ च्या रिसेप्शनचा. बहुतेक काउन्सिल पुढे राहायला येणार असलेला पत्ता धरत नाहीत. सही झालेला भाडेकरार हवा, आणि काही जण प्रत्यक्ष राहायला आल्याशिवाय मान्य करत नाहीत. म्हणजे तुमचा अर्ज उशिराचा धरला जाईल आणि वेळेत आलेल्या सगळ्यांना वाटून झाल्यावर पाहिला जाईल. म्हणून घर आधी आणि शाळा नंतर असं करू नका. काउन्सिलला फोन करून कोणत्या शाळांत जागा शिल्लक आहेत ते विचारा, आणि त्यांच्या आसपास घर शोधा. मूल इथल्या वर्गात मध्येच घालायचं असेल (इयर १ किंवा २) तर उत्तर १५ शालेय दिवसांत मिळायला हवं.

पत्त्याचा पुरावा म्हणून काही काउन्सिल चाइल्ड बेनिफिटचं (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचं) पत्र मागतात. पब्लिक फंड्स नसलेल्या व्हिसावर असलेल्यांना ते सहसा मिळत नाही. त्याऐवजी काउन्सिल टॅक्सचं बिल, भाडेकरार आणि मुलाच्या जीपी (फॅमिली डॉक्टर) नोंदणीचं पत्र द्या आणि कारण एका ओळीत लिहा, नाहीतर अर्ज तसाच पडून राहतो. शाळेजवळ सहा महिन्यांसाठी खोली भाड्याने घेऊन अर्ज करायची युक्ती सुचवणारे भेटतील. पकडलं गेलं तर दिलेली जागा काढून घेतात.

रातराणी

१६ एप्रिलला नको असलेली शाळा आली तर ती नाकारायची का? म्हणजे प्रतीक्षायादीत वर जाऊ?

पिंपळपान

अजिबात नाकारू नका. स्वीकारल्याने प्रतीक्षायादीतला नंबर खाली जात नाही आणि नाकारल्याने वर येत नाही. नाकारलीत तर सप्टेंबरला हातात काहीच नाही.

वरच्या पसंतीच्या शाळांच्या यादीत काही काउन्सिल नाव आपोआप घालतात, काही ठिकाणी तुम्हाला सांगावं लागतं. यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालते. ती अर्जाच्या तारखेवर नसते, त्याच निकषांवर असते. त्यामुळे शाळेच्या समोरच्या घरात नवीन कुटुंब आलं की तुम्ही ४ वरून ५ वर जाता. मे ते सप्टेंबर या काळात सगळ्यात जास्त हालचाल होते, कारण घरं बदलतात आणि काही मुलं खाजगी शाळांत जातात.

अपील करता येतं, निकालानंतर किमान २० शालेय दिवसांची मुदत असते. पण ३० च्या मर्यादेमुळे नाकारलं असेल तर समिती जवळजवळ एवढंच पाहते की नियम कायदेशीर होते का, ते तुमच्या बाबतीत नीट लावले का, आणि निर्णय अवाजवी होता का. "ही शाळा आम्हाला जास्त आवडते", "नर्सरीतले मित्र तिथे आहेत", "आजी जवळ राहते" यावर ही अपिलं जिंकली जात नाहीत. अंतर चुकीचं मोजलं असेल किंवा भावंड धरायचं राहिलं असेल, तर जरूर लढा. आकडा मागवून घ्या आणि धोरणातल्या मोजण्याच्या पद्धतीशी ताडून पाहा.

रातराणी

समजलं. प्रायमरी १, इन्फंट २, आणि ज्युनिअरचं धोरण आजच काढते. नर्सरीत सांगायला काही तयारी लागते का? ती घरी फक्त मराठी बोलते.

सोनटक्का

नोंदणी फॉर्मवर पहिली भाषा मराठी लिहा, इंग्रजी नको. त्यावरून तिला लागणारी मदत ठरते. घरी मराठीच चालू ठेवा. लहान वयाच्या राष्ट्रीय आराखड्यातच लिहिलंय की घरची भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी शाळेने द्यावी. फक्त शू, पाणी, पोटात दुखणं, "आई हवी" यांसाठी ती मराठीत नेमके कोणते शब्द वापरते, ते देवनागरीत नव्हे, इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे एका कागदावर लिहून शिक्षिकेला द्या. आणि रजा राखून ठेवा. रिसेप्शनचे पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याच शाळा अर्धा दिवस भरवतात. तुम्ही पूर्ण वेळ मागू शकता, पण ते जूनमध्येच लेखी कळवा.